चोरट्या मालाची हमी

बडोद्याच्या सुभानपुरा वस्तीतून एका मराठी वाचकाचे पत्र आम्हांस आले आहे. पत्र खाजगी असल्यामुळे पत्रलेखकाच्या नावाचा वा दुकानाच्या ठिकाणाचा उच्चार आम्ही येथे करीत नाही. परंतु त्यात विचारलेला प्रश्न सार्वजनिक आहे व त्याचे उत्तरही सार्वजनिकरीत्याच दिले पाहिजे. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने पानाच्या गल्ल्यावरून ई-सिगारेटचे, म्हणजे तरुण मंडळी ज्याला 'व्हेप' म्हणतात ते, यंत्र दोन हजार रुपयांस विकत घेतले. 'परदेशी माल, अगदी ओरिजिनल' अशी दुकानदाराने ग्वाही दिली होती. चार दिवसांत ते यंत्र हातात धरवेना इतके तापू लागले, आतील द्रव तोंडात येऊ लागला आणि मुलाच्या घशाची आग थांबेना. वेष्टन नीट पाहिले तेव्हा कंपनीच्या नावातील एक अक्षरच चुकलेले आढळले. जाब विचारावयास गेले असता दुकानदाराने शांतपणे सांगितले, 'माल ओरिजिनलच आहे. पटत नसेल तर खुशाल पोलिसांत जा.' पत्रलेखक विचारतात की, बनावट माल अस्सल म्हणून गळ्यात मारणाऱ्या या दुकानदाराशी वागावे तरी कसे?

सीमाभागाच्या विलीनीकरणासाठी झगडणाऱ्या पत्राने बडोद्याच्या गल्ल्यावरील नळकांड्याची पंचाईत का करावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर राहिलेल्या मराठी माणसाचे सुखदुःख हा आमचा विषयच आहे. ज्या बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ साली व पुन्हा २०१८ साली मराठी साहित्य संमेलने भरली, ते शहर १ मे १९६० रोजी गुजरात राज्यात गेले. परंतु तेथील मराठी घरांचे आणि आमचे नाते काही त्या दिवशी संपले नाही. शिवाय हा प्रश्न केवळ बडोद्याचा नाही. जे नळकांडे सुभानपुऱ्यात विकले जाते ते बेळगावात वा निपाणीत विकले जाणारच नाही, असे समजून स्वस्थ बसणे शहाणपणाचे होणार नाही. तंबाखूच्या व्यापारावर ज्या निपाणीचा संसार पिढ्यान्पिढ्या चालला, आणि त्याच तंबाखूच्या रास्त भावासाठी १९८१ साली जिच्या परिसरातील शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्या निपाणीच्या वाचकास निकोटिनच्या या नव्या अवताराची ओळख असणे अगत्याचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटींवर देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने त्या वटहुकुमाचे कायद्यात रूपांतर केले. कर्नाटकाने तर २०१६ सालीच अशी बंदी जाहीर केली होती. केंद्राच्या कायद्यान्वये या वस्तूंचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात ही सर्व कृत्ये गुन्हा ठरतात. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोच अपराध पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड. नुसता साठा केल्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणजे सुभानपुऱ्यातील दुकानदाराने विकलेले यंत्र खरोखरच त्या नामांकित परदेशी कारखान्यातून आले असते, तरी ते विकण्याचा त्याला तिळमात्र अधिकार नव्हता.

येथेच या प्रश्नाची गाठ आहे व ती सोडविल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. 'अस्सल' या शब्दाचा ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ तरी काय? केवळ अमुक कारखान्यात बनलेली वस्तू, एवढाच तो अर्थ नाही. अस्सल म्हणजे जिच्या गुणदोषांना कोणीतरी उत्तरदायी आहे अशी वस्तू. आपण औषधाची बाटली घेतो, विजेची इस्त्री घेतो किंवा चहाचा पुडा घेतो, तेव्हा वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. वेष्टनबंद मालासंबंधीचे २०११ चे नियम तशी सक्तीच करतात. तो पत्ता ही नुसती शाई नसते. प्रसंग पडल्यास ज्याच्या दारात उभे राहता येते असे ते घर असते. परंतु ज्या वस्तूची आयातच गुन्हा आहे तिच्या वेष्टनावर भारतातील आयातदाराचे नाव येणार कोठून? २०१९ नंतर या देशात ई-सिगारेटचा कायदेशीर आयातदार असूच शकत नाही, कायदेशीर विक्रेता असू शकत नाही, विक्रीची पावतीही असू शकत नाही. तेव्हा 'ओरिजिनल' म्हणून देण्यात येणारी हमी ही ज्याच्यामागे कोणीही उभे नाही अशी हमी आहे. खोट्या नाण्यावर जसा राजाचा शिक्का, तसाच या नळकांड्यावर कंपनीचा ठसा!

वेष्टनावर चांदीरंगी पट्टी असते, ती खरवडली की आकडा दिसतो आणि तो आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून खऱ्याखोट्याची पारख होते, असे काही जाणते तरुण सांगतील. परंतु जो लबाड संपूर्ण पेटी, रंग, ठसा व नळकांडे यांची नक्कल करू शकतो त्याला ती पट्टी चिकटविणे अवघड जात नाही. त्याच्याही पुढे जाऊन पारखीचे संकेतस्थळच बनावट उभारण्याचे प्रकार परदेशांत घडले आहेत. चोराने दिलेल्या मापाने चोराचा माल मोजून पाहण्यातलाच तो प्रकार होय.

बनावटीची कमाल पाहावयाची तर अमेरिकेकडे पाहावे. २०१९ साली तेथे व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या एका भयंकर विकाराची साथ उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक रुग्णालयात दाखल झाले अथवा मृत्यू पावले आणि मृतांचा आकडा ६८ वर गेला. बहुतेक रुग्णांनी गांजाचा अर्क असलेली नळकांडी वापरली होती व ती मुख्यत्वे ओळखीच्या माणसांकडून किंवा चोरट्या विक्रेत्यांकडून घेतली होती. अर्क पातळ व स्वस्त करण्यासाठी त्यात मिसळलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगाशी या विकाराचा निकटचा संबंध आढळून आला. या रुग्णांत सर्वाधिक ऐकू आलेल्या नावांपैकी एक होते 'डँक व्हेप्स'. तपासाअंती असे निष्पन्न झाले की, या नावाची अधिकृत कंपनी अस्तित्वातच नव्हती. रिकामी छापील वेष्टने बाजारात मिळत. जो ती विकत घेई तो त्यांत आपल्या मनास येईल तो द्रव भरी. ज्याचे मूळच नाही त्याची नक्कल हजारोंनी ओढली! गांजाच्या अर्काचे प्रकरण निराळे आणि निकोटिनचे निराळे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु नळकांड्यात काय भरले आहे हे ओढणाऱ्यास कळत नाही, ही गोष्ट दोहोंस सारखीच लागू पडते.

या यंत्राची रचना साधी आहे. लिथियमचा एक विद्युत्घट, त्यावर तापणारी तारेची गुंडाळी, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व सुगंधी द्रव्ये यांचा द्रव. तार तापली की द्रवाची वाफ होते. युरोपीय संघाने या द्रवात एका मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक निकोटिन नसावे असा दंडक घातला आहे. चोरट्या नळकांड्यावर हा आकडा छापलेला असला, तरी तो खरा की खोटा हे तपासणारा कोणी अधिकारी आपल्याकडे त्या मालापर्यंत पोहोचलेला नसतो. विद्युत्घट प्रमाणाबाहेर तापू नये म्हणून जे संरक्षक मंडल बसवावे लागते, नेमकी तेथेच नकलाकार काटकसर करतो. मग ते यंत्र खिशात किंवा उशाशी पेट घेते. जगातील बहुतेक ई-सिगारेटी चीनमधील शेंझेन शहराच्या परिसरात तयार होतात. त्या चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या बाजारात तंबाखूखेरीज अन्य स्वादांच्या ई-सिगारेटींची विक्री बंद केली. निर्यातीस मात्र मोकळीक ठेवली. आंबा, पुदिना, कलिंगड यांचा जो स्वाद स्वतःच्या मुलांना चाखू द्यावयाचा नाही, तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी पेट्या भरभरून पाठवावयाचा, हा कोणता न्याय?

आता त्या दुकानदाराच्या निर्ढावलेपणाचे मूळ पाहा. 'पोलिसांत जा' असे तो कोणत्या बळावर म्हणाला? ग्राहकाच्या भीतीच्या व लाजेच्या बळावर. त्याला ठाऊक आहे की, ज्या व्यवहाराचा उद्देशच कायद्याविरुद्ध आहे तो करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २३ व्या कलमान्वये निरर्थक ठरतो; त्या पैशांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढून ग्राहकाच्या हाती काही पडावयाचे नाही. त्याला हेही ठाऊक आहे की, मध्यमवर्गीय बापास मुलाच्या व्यसनाचा बोभाटा नको असतो. अस्सल माल विकणाऱ्या चोरापेक्षा बनावट माल विकणाऱ्या चोरास नफा अधिक मिळतो आणि तक्रारीचे भय दोघांस सारखेच कमी. मग बंदीच्या बाजारात बनावटीचाच सुकाळ होणार, यात नवल ते काय!

गुजरातेतील वाचकास हे नव्याने सांगावयास नको. दारूबंदीच्या त्या राज्यात जुलै २००९ मध्ये अहमदाबादेस विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद व आसपासच्या खेड्यांत पुन्हा तोच हाहाकार झाला. सीमाभागातील वाचकासही हे अपरिचित नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. कर्नाटकाने २०१३ साली. तरीही पुणे-बंगळूर महामार्गावर गुटख्याची चोरटी वाहने पकडल्याच्या बातम्या येतच राहिल्या. जेथे वस्तू उजेडात विकता येत नाही तेथे अंधारात ती अधिक वाईट होऊन येते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे.

यावरून काही विचारवंत असा निष्कर्ष काढतात की, बंदीच उठवावी, म्हणजे अस्सल माल येईल व बनावट जाईल. हा युक्तिवाद तुच्छतेने झटकून टाकण्याजोगा नाही. इंग्लंडमध्ये विडी-सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांस व्हेपचा पर्याय सरकारी आरोग्ययंत्रणाच सुचविते. आपल्या देशात मात्र जिच्या धुराने माणसे मरतात ती सिगारेट उघड्यावर विकली जाते आणि ई-सिगारेट बंदीत आहे, ही विसंगतीही खरी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे २९ टक्के प्रौढ भारतीय तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसून आले होते. ई-सिगारेट ओढणारे त्या वेळी शेकडा एकही नव्हते. परंतु ज्या इंग्लंडचा दाखला दिला जातो तेथेही बेकायदा नळकांडी लाखोंच्या संख्येने जप्त होत आहेत व एकदाच वापरून फेकून द्यावयाच्या व्हेपांवर त्या सरकारला १ जून २०२५ पासून बंदी घालावी लागली. परवाना दिला म्हणजे बनावट संपते, असे तेथील अनुभव सांगत नाही. बंदी असावी की नसावी, हा वाद संसदेने करावा. आम्हीही तो ऐकू. परंतु त्या वादाचा आडोसा घेऊन सुभानपुऱ्याच्या दुकानदारास क्षमा मिळता कामा नये. त्याने दुहेरी अपराध केला आहे. बंदीचा माल विकून त्याने राज्याशी द्रोह केला आणि खोटा माल खरा म्हणून विकून शेजाऱ्याशी. दिवाणी दावा टिकत नाही म्हणून फसवणुकीचा फौजदारी गुन्हा नाहीसा होत नाही, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

तेव्हा पत्रलेखकाच्या प्रश्नास आमचे उत्तर असे. त्या दुकानदाराकडे पैसे परत मागू नयेत व 'खरा' नग बदलून तर मुळीच घेऊ नये. बदली नग म्हणजे तोच गुन्हा दुसऱ्यांदा, आणि या वेळी बापाच्या साक्षीने! पैसे परत घेऊन गप्प बसणे म्हणजे शेजारच्या घरातील मुलास पुढचे गिऱ्हाईक म्हणून पाठवून देणे होय. दोन हजार रुपये गेले असे समजावे आणि लेखी तक्रार करावी. या कायद्यान्वये झडतीचा व जप्तीचा अधिकार फौजदाराच्या, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाच्या, दर्जापासून वरच्या अधिकाऱ्यांस आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली अशा तक्रारींसाठी स्वतंत्र संकेतस्थळही सुरू केले. मुलाचे काय होईल, ही पित्याची चिंता आम्ही समजू शकतो. कायद्याच्या शिक्षेच्या कलमांचा रोख उत्पादक, आयातदार, विक्रेता व साठेबाज यांच्यावर आहे. केवळ ओढण्याबद्दल त्यांत स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही. तथापि ही वस्तू बाळगण्याविषयी मंत्रालयाची भूमिका कठोर असल्यामुळे ते नळकांडे पुरावा म्हणून कपाटात जपून ठेवू नये. वकिलाचा सल्ला घेऊन ते वेष्टनासह तक्रारीबरोबर पोलिसांच्या स्वाधीन करावे. तोवर ते विजेस जोडू नये व कचऱ्यातही टाकू नये. घशाची आग थांबत नसेल अथवा श्वास लागत असेल तर डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. काय ओढले हे न कळल्यास वैद्याने उपचार कशावर करावेत? आणि मुलाची खरी सुटका हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर सल्ला विनामूल्य मिळतो. बापाने मुलावर हात उगारण्याआधी हा क्रमांक फिरवावा, अशी आमची विनंती आहे.

पोलिसांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. गल्ल्यावर छापा घालून चार नळकांडी पकडली, छायाचित्र काढले व वृत्तपत्रांस दिले, एवढ्याने हा व्यापार मरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने कच्छमधील मुंद्रा बंदरात चीनहून आलेल्या दोन लाखांवर ई-सिगारेटी पकडल्या. त्यांची किंमत सुमारे ४८ कोटी रुपये सांगण्यात आली. बंदरात दोन लाख उतरतात तेव्हा गल्ल्यावर चार पोहोचतात. त्या चारांवरून माग काढीत गोदामापर्यंत आणि गोदामावरून बंदरापर्यंत तपास गेला पाहिजे. दुकानदाराने माल कोणाकडून घेतला, पैसे कोणत्या खात्यात गेले, हे विचारल्यावाचून खटला भरणे म्हणजे फांदी तोडून मूळ शिंपणे होय. तक्रार घेऊन आलेल्या पित्यास चौकीत आरोपीसारखे उभे केले, तर उद्या दुसरा पिता येणार नाही आणि दुकानदाराचे 'पोलिसांत जा' हे आव्हान खरे ठरेल. त्याचप्रमाणे प्रामाणिक पानविक्रेत्यांनी व त्यांच्या संघटनांनीही या मंडळींस आपल्यात थारा देऊ नये. एका गल्ल्याच्या पापाने साऱ्या रस्त्याची पत जाते.

तरुणांस आमचे सांगणे थोडके आहे. तुम्हांस ओरिजिनलची एवढी हौस असेल तर एक सोपी कसोटी आम्ही देतो. दुकानदाराकडे दुकानाचे नाव, सही व तारीख असलेली छापील पावती मागा. चहाच्या पुड्याची ती मिळते, चपलांच्या जोडाची मिळते, सायकलच्या नळीचीही मिळते. ज्या वस्तूची पावती देताना विक्रेत्याचा हात कापतो ती वस्तू आपल्या फुप्फुसांत घ्यावी की नाही, याचा निर्णय करण्यास पदवीची गरज नाही.

आणि शेवटी आमच्या वाचकांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही सीमावासीयांनी अन्याय सोसला. परंतु न्याय मिळण्यास विलंब लागतो म्हणून कायद्याची वाट सोडून दिली नाही. आमच्या हक्काचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. जो समाज आपल्या मोठ्या हक्कासाठी इतका धीर धरू शकतो, त्याने कोपऱ्यावरच्या एका लबाड दुकानदारापुढे हात टेकावेत, हे शोभण्याजोगे नाही. बडोद्याच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीस लोक आजही 'न्यायमंदिर' म्हणतात. ज्या गावाने न्यायाच्या घरास मंदिराचे नाव दिले, त्या गावातील बापाने लाजेपोटी तोंड मिटून घरी बसू नये. लाज वाटावयाची असेल तर ती विकणाऱ्यास वाटू द्या. आणि ती त्याला वाटावी यासाठी सुभानपुऱ्यातील शेजाऱ्यांनी त्या पित्याबरोबर पोलीस ठाण्याची पायरी चढावी.